२१ दिवसांची पाटी आधी उतरवा

पत्र

ताई, कराडमध्ये सात वर्षांपासून माझं लेडीज पार्लर आहे. हाताखाली दोन मुली आहेत. दीड वर्षापूर्वी जेल पॉलिश, म्हणजे लॅम्पखाली घट्ट होणारं नेलपॉलिश, सुरू केलं. दोन दिवसांचा क्लास, लॅम्प, चोवीस बाटल्या मिळून २२,००० रुपये गेले. बाहेर पाटी लावली, ‘जेल मॅनिक्युअर, २१ दिवस टिकणार, ६०० रुपये’. महिन्याला साधारण चौदा बायका करून घेतात. त्यातल्या पाच जणी आठवड्याच्या आत परत येतात, कुणाचं टोकाला उडालेलं, कुणाचं पापुद्र्यासारखं निघालेलं. त्यांना मी फुकट परत करून देते. एकीला सव्वा तास लागतो, परतीला तास. सहा जणींचं जुनं काढून द्यावं लागतं, त्यात पंचवीस मिनिटं जातात, त्याचे पैसे घेत नाही. शनिवारी गर्दीत एक खुर्ची अडकून पडते आणि आयब्रोला आलेल्या बायका निघून जातात. सामान चांगलं आहे, बेस कोट आणि रंग मी वेगवेगळे, ऑनलाइन बघून स्वस्तात आणते. आम्ही नेहमीसारखं हात भिजवून, मसाज करून, मगच पॉलिश लावतो, म्हणजे कामात कसर नाही. घरचे म्हणतात बंद कर. पण २२,००० अडकलेत, कॉलेजच्या मुली विचारतात, आणि बंद केलं तर लोक म्हणतील हिला जमलं नाही. काय करू? एका बाईंना बोटांना खाजही आली होती, पण ते कशाने ते माहीत नाही.

– एक पार्लरचालक, कराड


उत्तर

ताई, तुमच्या पत्रातली शेवटची ओळ मी सगळ्यात आधी घेते, कारण बाकीच्या गोष्टींना महिना-दोन महिने लागले तरी चालतील, तिला नाही.

त्या बाईंना आज फोन करा. खाज नखांच्या कडेला होती का, कातडी लाल झाली, सुजली, बोटांची टोकं भेगाळली का, आणि पापण्यांवर किंवा मानेवरही काही उठलं का, ते विचारा. जेल पॉलिशमध्ये अ‍ॅक्रिलेट जातीची रसायनं असतात. त्यातल्या हेमा नावाच्या घटकाची अ‍ॅलर्जी नखांच्या कामात बरीच दिसते. हात डोळ्यांना, मानेला लागतात, म्हणून पुरळ तिथेही उठतं. ही अ‍ॅलर्जी एकदा बसली की सहसा जन्मभर जात नाही, आणि याच जातीची रसायनं दातांच्या फिलिंगमध्ये आणि मधुमेहाच्या काही सेन्सरच्या चिकटपट्टीतही असतात. म्हणजे आज नखांपाशी आलेली खाज उद्या दातांच्या डॉक्टरांकडे आडवी येऊ शकते. त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवा, पॅच टेस्टबद्दल, म्हणजे कातडीवर थोडं रसायन लावून अ‍ॅलर्जी तपासण्याबद्दल, विचारायला सांगा. आणि आपल्याकडे त्यांना पुन्हा जेल लावू नका, त्यांनी कितीही आग्रह केला तरी.

हीच गोष्ट तुमच्या दोन मुलींनाही लागू आहे. दिवसभर त्यांची बोटं त्या बाटल्यांपाशी असतात. त्यांना नायट्राइलचे हातमोजे द्या. लॅम्पखालून निघाल्यावर वर जो चिकट थर राहतो, तो न सुकलेल्या जेलचाच असतो. तो पुसताना कातडीवर ओढायचा नाही.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही विचारलंय की चालू ठेवू की बंद करू. मी तुमचे आकडे वहीत मांडून पाहिले. चौदा जणींचे ८,४०० रुपये येतात. वेळ जातो तो असा: चौदा वेळा सव्वा तास, पाच परतीचे तास, सहा वेळा काढण्याची पंचवीस मिनिटं. एकूण २५ तास. सामानाचा आकडा तुम्ही दिलेला नाही, मी एका वेळचे ८० रुपये आणि काढायला लागणाऱ्या अ‍ॅसिटोन, कापूस, फॉइलचे २५ रुपये धरले. परतीचं धरून १,६७० रुपये होतात. उरतात ६,७३०. तासाला साधारण २६९ रुपये.

आता तुमची खुर्ची दुसरं काय कमावते? आयब्रो ५० रुपये, दहा मिनिटं धरली तर तासाला ३००. क्लीनअप ५०० रुपयांचं, पाऊण तासाचं आणि ९० रुपये सामानाचं धरलं तर तासाला साडेपाचशेच्या आसपास. हे दर तुमच्याकडे थोडे वेगळे असतील, तुमचे घालून पुन्हा मांडा. घरच्यांना आतबट्ट्याचा व्यवहार दिसतो तो इथे. शनिवारी संध्याकाळी जेल लावता तेव्हा दर तासाला जवळजवळ तितकेच पैसे तुम्ही दारातून परत पाठवता.

पण मंगळवारी दुपारी दोन वाजता त्याच खुर्चीवर कोण बसलेलं असतं? कोणी नाही. मुलींचा पगार चालूच असतो, पंखा चालूच असतो. तिथे तासाला आलेले २६९ रुपये कशाच्याही बदल्यात येत नाहीत, ते वर येतात. त्यामुळे ‘जेल तोट्यात आहे’ हे शनिवारी खरं आहे, मंगळवारी खोटं आहे. बंद करण्याआधी एवढं करा: जेल फक्त सोमवार ते गुरुवार, बारा ते चार, फोन करून वेळ ठरवूनच. शनिवार-रविवार नाही. कॉलेजच्या मुली दुपारी मोकळ्या असतात, त्या येतील. शाळेतल्या बाई, बँकेतल्या बाई सुटीच्याच दिवशी येणार, त्यातल्या काही सुटतील. सुटू द्या.

दुसरा आकडा मला जास्त बोचला. त्या पाच परतीच्या फेऱ्या नसत्या तर हीच चौदा गिऱ्हाइकं तुम्हाला तासाला ३५० रुपयांच्या वर देत होती. म्हणून खरा प्रश्न त्या पाचांचा आहे. चौदातल्या पाच म्हणजे तीनातली एक! इतक्या जणींच्या नखांत दोष नसतो. दोष पार्लरमध्ये असतो, आणि तो कुठे आहे हे तुमच्याच पत्रात लिहिलंय.

‘नेहमीसारखं हात भिजवून, मसाज करून, मगच पॉलिश’. कसर नाही म्हणून तुम्ही अभिमानाने लिहिलेलं हे वाक्य वाचून मी कपाळाला हात लावला. तुमची चूक नाही. आपण सगळ्या तसंच शिकलो. साध्या नेलपॉलिशच्या काळात कोमट पाण्याचा बाउल हीच मॅनिक्युअरची सुरुवात होती. पण नख वरून काचेसारखं दिसलं तरी ते केराटिनच्या थरांचं असतं आणि पाणी पितं. दहा मिनिटं भिजलेलं नख फुगतं, थोडं वाकतं. त्याच्यावर तुम्ही जेल घट्ट करता. ती बाई घरी जाते, नख सुकतं, आपल्या मूळ आकाराला येतं, आणि वरचा कडक थर तसाच राहतो. दोघांची पकड तिथेच सुटायला लागते. त्यात मसाजचं क्रीम, म्हणजे तेल. तेलकट नखावर बेस कोट, म्हणजे सगळ्यात खालचा थर, धरणार कसा?

क्रम उलटा करा. जेलच्या दिवशी पाण्याचा बाउल बाहेर काढायचाच नाही. कोरडं नख घासून आकार द्या. क्युटिकल, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेली कातडीची कड, मागे सारा, आणि नखाच्या पृष्ठभागावर जो पातळ, जवळजवळ न दिसणारा मेलेल्या कातडीचा पापुद्रा चिकटलेला असतो तो हलक्या हाताने काढा. तो राहिला की जेल नखाला न चिकटता त्या कातडीला चिकटतं आणि मुळाकडून उचलायला लागतं. मग बफरने फक्त चकाकी घालवा, धूळ झाडा, डिहायड्रेटरने, म्हणजे नखावरचा ओलावा आणि तेल घालवणाऱ्या द्रवाने, पुसा, आणि त्यानंतर त्या नखाला कुणाचंही बोट लागू द्यायचं नाही. बेस, रंगाचे दोन पातळ हात, टॉप. मसाज आणि तेल सगळ्यात शेवटी, टॉप कोट पुसून झाल्यावर. गिऱ्हाइकाला मसाज हवाच असतो, तो मिळतोच.

एवढ्याने तुमच्या पाचातल्या दोन-तीन थांबतील असा माझा अंदाज आहे. बाकीच्यांसाठी एक वही घाला. परत आलेल्या प्रत्येकीचं लिहा: कोणत्या मुलीने केलं होतं, कितव्या दिवशी उडालं, कोणतं बोट, कोणता रंग, आणि कुठून उचललं. नख सांगतं, ताई. फक्त अंगठ्यांचं उडतंय तर चार बोटांबरोबर अंगठाही लॅम्पमध्ये कोंबलाय, तो आडवा पडतो आणि त्याच्यावर सरळ उजेड पडत नाही. दोन्ही अंगठे वेगळे करा. टोकाकडून उडतंय तर टोकाच्या कडेवरून ब्रश फिरवून कड बंद केलेली नाही, किंवा नख फार लांब आहे. मुळाकडून, कातडीपासून उचलतंय तर रंग क्युटिकलवर वाहिलेला आहे किंवा पापुद्रा राहिलाय. अख्खं साल निघावं तसं एका तुकड्यात निघालं तर नख तेलकट किंवा ओलं होतं. आणि रंगाला सुरकुती पडली असेल तर हात जाड झालाय, आतलं जेल कच्चं आहे. मरून, काळा, गडद निळा हे रंग उजेड अडवतात, त्यांचे हात इतरांपेक्षाही पातळ हवेत.

कच्च्या जेलवर थोडं थांबते, कारण ते टिकण्याच्याही पुढचं आहे. जेल हवेने सुकत नाही. त्यातला एक घटक ठरावीक तरंगलांबीच्या प्रकाशाने चेततो आणि मग सगळं घट्ट होतं. प्रत्येक कंपनी आपलं जेल आपल्या लॅम्पवर तपासून वेळ ठरवते. लॅम्पवर छापलेल्या वॉटवरून काही कळत नाही. तुम्ही लॅम्प एकाचा, बेस दुसऱ्याचा, रंग तिसऱ्याचा वापरता, तेव्हा वरचा थर कडक लागला तरी खालचा मऊ राहू शकतो. तो मऊ थर लवकर उडतो, आणि कातडीला लागला तर अ‍ॅलर्जीही तोच देतो. त्या बाईंची खाज आणि तुमच्या पाच परतीच्या फेऱ्या ही दोन वेगळी दुखणी नसावीत अशी मला दाट शंका आहे.

म्हणून स्वस्तातल्या बाटल्या बाजूला काढा. एकाच कंपनीचा बेस, टॉप आणि सहा रंग घ्या, त्यांनी सांगितलेल्या लॅम्पसकट. कराडमध्ये चोवीस रंग लागत नाहीत. तुमच्या वहीत बघा, पाच-सहाच पुन्हा पुन्हा लागत असतील. बाहेरच्या देशातून आलेल्या बाटलीवर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, नोंदणी क्रमांक, बॅच आणि मुदत छापलेली असायला हवी. नसेल तर ती नखांजवळ आणू नका. विक्रेत्याला हेमा नसलेलं आहे का विचारा, आणि टीपीओ आहे का तेही विचारा. हा प्रकाशाने चेतणारा घटक युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केला. आता तो नसलेली जेल मिळतात. नवीन सामानाला पैसे लागतील, हे मला कळतं. ते घालायचे नसतील तर जुन्या सामानावर पुढे जाऊ नका, सरळ बंद करा. इथे मधला रस्ता मी सांगणार नाही.

आता पाटी. ‘२१ दिवस टिकणार’ हे बाटलीवाल्याचं वाक्य आहे, ते तुम्ही आपल्या दारावर का लावलंत? हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. म्हणजे २१ दिवसांत मुळाशी दोन मिलिमीटरची पट्टी उघडी पडते. तुमचं काम उत्तम असलं, एक कणही उडाला नाही, तरी तिसऱ्या आठवड्यात ते जुनं दिसणारच, आणि ती बाई मनात म्हणणार की टिकलं नाही. आजच ती पाटी उतरवा. ‘दोन आठवडे’ लिहा, आणि खाली लिहा की सात दिवसांत एखादं नख उडालं तर तेवढं नख फुकट करून मिळेल. तेवढं नख, दहाही बोटं नाहीत. तुम्ही आत्ता अख्खा तास देताय तो यातच वाचेल.

आणि बसवण्याआधी दोन प्रश्न विचारायची सवय लावा. घरी भांडी कोण घासतं? हे विचारताना मला पहिल्यांदा संकोच वाटायचा, आता वाटत नाही. दिवसातून दोनदा घासणी आणि साबणाच्या वडीत हात असणाऱ्या बाईचं जेल दहा दिवस टिकलं तरी पुष्कळ. तिला तसं आधीच सांगा, नखं आखूड ठेवायला सांगा, भांड्यांना हातमोजे सुचवा. फिका गुलाबी मागितला तर हळदीने पिवळा पडतो हेही सांगा. नवरी असेल तर जेल मेंदीच्या आधी. मेंदी काढल्यावर हातभर निलगिरीचं तेल चोळलेलं असतं, आणि मेंदीवर मॅनिक्युअर केलं तर रंगही उतरतो. दुसरा प्रश्न, दिवस गेलेत का, किंवा एखादं ऑपरेशन ठरलंय का? दवाखान्यात बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावतात, त्याला गडद पॉलिश आड येतं, आणि साध्या रिमूव्हरने जेल निघत नाही. नववा महिना लागलेल्या बाईला आपणच नको म्हणावं.

काढण्याचे पैसे घ्यावेत का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मला सांगायचंय. आपण लावलेलं काढायला वेगळे पैसे घेऊ नका, दरच ७०० करा आणि काढणं त्यात धरा. शंभर रुपये वाचवायला बाई घरी दाताने, नखाने सोलत बसते, आणि त्या सालाबरोबर नखाचा थर जातो. पातळ झालेल्या नखावर पुढचं जेल आणखी कमी टिकतं, मग ती पुन्हा परत येते. तुमच्या मुलीही घाईत लोखंडी पुशरने खरवडत असतील तर तेच होतं. अ‍ॅसिटोनचा कापूस, वर फॉइल, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, आणि जे सैल झालंय तेवढंच लाकडी काडीने सारायचं. नाही निघालं तर पुन्हा गुंडाळायचं. दुसऱ्या पार्लरचं काढायला आलेलीकडून मात्र पैसे घ्या.

राहिले ते २२,०००. ताई, ते गेले. चालू ठेवलंत तरी गेले, बंद केलंत तरी गेले. मी २७ वर्षं पार्लर चालवलं, आणि अशाच एका गुंतवणुकीपायी दोन वर्षं चुकीची गोष्ट धरून बसले होते. केस सरळ करण्याचं मशीन आणि क्रीमचा साठा घेतला होता. हात बसला नव्हता, मला ते दिसत होतं, पण मशीनचे पैसे निघेपर्यंत करू असं म्हणत राहिले. मग एका शाळेतल्या बाईंचे केस मधूनच तुटले. त्या भांडल्या नाहीत, फक्त पुन्हा आल्या नाहीत, आणि त्यांच्या दोघी बहिणीही आल्या नाहीत. ते मशीनपेक्षा महाग पडलं. त्यानंतर मी बंद केलं. लोक काय म्हणतील याची मला तुमच्याइतकीच धास्ती होती. तीन महिन्यांत दोघींनी विचारलं. मी सांगितलं, मला हवं तसं होत नव्हतं म्हणून थांबवलं. एकीने तिथेच फेशियलची वेळ घेतली.

तर असं करा. आषाढात तुमच्याकडेही वर्दळ कमी असेल. आधी दोघी मुलींना एकमेकींच्या आणि तुमच्या नखांवर नव्या क्रमाने करायला लावा, तुम्ही शेजारी बसून पाहा. क्लासला दोघींपैकी कोण गेलं होतं आणि कुणी नुसतं बघून शिकलं, हेही त्यात कळेल. रागवू नका, क्लास दोनच दिवसांचा होता. मग पुढची तीस गिऱ्हाइकं मोजा, नव्या सामानावर, नव्या दराने, दुपारच्या वेळेत. तीसपैकी तीन किंवा त्याहून कमी जणी दहा दिवसांच्या आत परत आल्या, तर जेल तुमचं आहे, ठेवा, आणि गौरी-गणपतीला हक्काने पाटी लावा. सहा किंवा अधिक आल्या तर थांबवा. चार-पाच आल्या तर वही उघडा, एकाच मुलीच्या हातच्या आहेत का बघा. तसं असेल तर दुसरीनेच करायचं आणि आणखी पंधरा मोजायच्या.

थांबवायचं ठरलं तर एकदम दार लावू नका. ज्यांच्या हातावर तुमचं जेल आहे त्यांना महिनाभर फुकट काढून द्या, कुणीही घरी सोलू नये म्हणून. उरलेल्या बाटल्या मुलींना घरी खेळायला देऊ नका, कुणाला विकूही नका. आणि रेट कार्डवर त्या ओळीच्या जागी कोरडं मॅनिक्युअर आणि साधं नेलपॉलिश नीट, वेळ देऊन, ३०० रुपयांत ठेवा. हात भिजवायचे नाहीत, त्यामुळे साधं पॉलिशही तुमच्याकडे आधीपेक्षा दोन दिवस जास्त राहील, हे तुम्हाला लगेच दिसेल.

तीस जणींचं पान भरलं की त्याचा फोटो मला पाठवा, कोणतं बोट आणि कुठून उचललं ते रकाने भरलेला. मी बघेन.